एनएफएलमध्ये लॉकआउटची हवा सुटली की मालकांचा डाव कसा ओळखायचा

आधी एक क्लिअर करतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो, आणि लीग म्हणजे एनएफएल. दर काही वर्षांनी या लीगमध्ये मालक आणि प्लेअर्स यांचं करारावरून वाजतं, कधी मालक प्लेअर्सना दारच बंद करतात, काम नाही आणि पगार नाही (हाच लॉकआउट), मग टीव्हीवर सूटबूटवाले लोक कुठल्यातरी बिल्डिंगमधून आतबाहेर करताना दिसतात, आणि ऑफिसात कॉफी मशीनपाशी कुणीतरी हमखास म्हणतं की जाऊ दे रे, करोडपती आणि अब्जाधीश भांडतायत, आपल्याला काय. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, कारण त्यातून वाटतं की दोन्ही बाजू साधारण सारख्याच, फक्त शून्यं कमीजास्त. प्लेअरचं करिअर युनियनच्या हिशोबाने सरासरी साडेतीन वर्षांच्या आत आटोपतं. मालकाची टीम नातवंडांपर्यंत जाते, न्यूयॉर्क जायंट्समध्ये मारा घराणं १९२५ पासून आहे, शिकागो बेअर्स अजून संस्थापक जॉर्ज हॅलसच्या वारसांकडेच आहे. एका बाजूकडे वेळच वेळ आणि दुसऱ्या बाजूचा वेळ महिन्यामहिन्याने संपतोय, आणि मालक जे काही करतात ना, ते जवळपास सगळं या एका फरकावर उभं असतं.

तर पुढच्या वेळी करार संपायला आला की बातम्या कशा वाचायच्या, कुठे बघायचं आणि कुठे दुर्लक्ष करायचं, ते मी ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने लिहितोय.

आधी तारखा काढा, भाषणं नंतर

बहुतेक लोक भांडण सुरू झाल्यावर बघायला लागतात, आणि तिथेच उशीर होतो कारण मालकांचं काम तोपर्यंत झालेलं असतं. तुम्ही दोन तारखा काढा: एक, प्लेअर्स युनियनबरोबरचा करार (याला सगळे सीबीए म्हणतात) कधी संपतोय, आणि दोन, टीव्हीचे करार कधी संपतायत आणि त्यात मधेच बाहेर पडायची सोय कुणाला आहे. या दोन तारखांमधलं अंतर कसं ठेवलंय त्यावरून मालक कशाची तयारी करतायत ते बरंचसं कळतं.

२०११ चा लॉकआउट घ्या. लोकांना आठवतो तो मार्च २०११ पासून. पण मालकांनी जुन्या करारातून लवकर बाहेर पडायचं एकमताने ठरवलं ते मे २००८ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आधी. नंतर लीगने टीव्ही कंपन्यांबरोबरचे करार वाढवून घेतले आणि वाढवताना अशी तजवीज केली की २०११ मध्ये मॅचेस झाल्या नाहीत तरी पैसे येत राहतील, सुमारे ४ अब्ज डॉलर. परत एकदा वाचा, मॅच नाही तरी पैसे! घरात बसून वर्षभराचा किराणा आधीच भरून ठेवला की मग दुकान किती दिवस बंद राहतं याची चिंता कशाला. आणि सामनेवाल्याचा पगार मात्र बंद.

यात कायदेशीर मेख अशी होती की प्लेअर्सबरोबरच्या जुन्या कोर्टातल्या सेटलमेंटप्रमाणे लीगने टीव्हीचे करार करताना दोघांचाही फायदा बघायचा होता, म्हणजे प्लेअर्ससाठीही जास्तीत जास्त पैसे आणायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा होता. मिनियापोलिसचे जज डेव्हिड डोटी यांनी १ मार्च २०११ ला निकाल दिला की लीगने ते केलं नाही, स्वतःला लॉकआउटमध्ये टिकता यावं म्हणून हे करार केले. निकाल युनियनच्या बाजूने गेला आणि मालकांचा तो साठा धोक्यात आला, पण लॉकआउट काही टळला नाही, दहा-बारा दिवसांत सुरू झालाच.

म्हणून सध्याच्या तारखा लिहून ठेवा. आत्ताचा सीबीए २०३० च्या सीझनपर्यंत आहे. टीव्हीचे मोठे करार मार्च २०२१ मध्ये झाले, ११ वर्षांचे, सगळे मिळून १०० अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातल्या बहुतेकांत लीगला २०२९ च्या सीझननंतर बाहेर पडायची सोय आहे. म्हणजे लेबर कराराच्या एक वर्ष आधी टीव्हीचा दरवाजा उघडतो. आता हे मुद्दाम असं ठेवलंय की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण नवीन टीव्ही करार झाले की त्यात मॅचेस बंद पडल्या तर काय, या कलमाबद्दल कुठे बातमी येते का ते बघा. ती बातमी स्पोर्ट्स पेजवर नाही, बिझनेस पेजवर येते, हे पण लक्षात ठेवा.

मालक ३२, पण मत २४ चं

'मालकांनी ठरवलं' असं आपण सरसकट म्हणतो. लीगच्या मोठ्या निर्णयांना ३२ पैकी २४ मतं लागतात, म्हणजे ९ जण अडून बसले की गाडी अडली. (ग्रीन बे पॅकर्सला एक मालकच नाही, तिथे शेअरहोल्डर्स आहेत, तिथून टीमचा प्रेसिडेंट मत देतो.) त्यामुळे एखादा मालक टीव्हीवर काय बोलला यापेक्षा त्याच्यासारखे अजून आठ जण आहेत का, हा प्रश्न विचारायचा.

आणि मालकांमध्ये आपसात भरपूर भांडणं असतात. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे सगळ्यांना समान वाटले जातात, १९६१ च्या कायद्यापासून लीगला सगळ्यांच्या वतीने एकत्र टीव्ही करार करता येतो. पण स्टेडियममधले सूट्स (महागडे खासगी बॉक्स), लोकल स्पॉन्सर, पार्किंग, हे ज्याचं त्याचं. जेरी जोन्सने १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज घेतली आणि काही वर्षांतच स्टेडियमसाठी स्वतःचे स्पॉन्सर आणायला लागला, लीगने त्याच्यावर केस केली, त्याने लीगवर उलटी केस केली, शेवटी मिटलं आणि जोन्स हवं ते करत राहिला. आता सॅलरी कॅप (एका टीमने प्लेअर्सवर किती खर्च करायचा याची मर्यादा) ठरते सगळ्या लीगच्या कमाईवर. म्हणजे डॅलसने लोकल पैसा दाबून कमावला की बफेलोला पण प्लेअर्सवर जास्त खर्च करावा लागतो, आणि बफेलोकडे तो लोकल पैसा नाही. लेबर करारातली निम्मी भांडणं खरं तर श्रीमंत मालक आणि कमी श्रीमंत मालक यांच्यातली असतात, आणि ती मिटवायचा सोपा उपाय म्हणजे दोघांनी मिळून प्लेअर्सकडून पैसे काढणे.

मार्च २००६ मध्ये नव्या सीबीएसाठी टेक्ससमध्ये मीटिंग झाली, पॉल टॅग्लियाब्यू कमिशनर (लीगचे प्रमुख) होते, त्यांचा हा शेवटचा मोठा करार. मतदान ३०-२. विरोधात कोण, तर बफेलोचे राल्फ विल्सन आणि सिनसिनाटीचे माइक ब्राउन, दोन्ही छोट्या शहरांच्या टीम. विल्सन तेव्हा ८७ वर्षांचे होते, त्यांनी सरळ सांगितलं की मला हे समजलंच नाही, ४५ मिनिटांत एवढ्या गुंतागुंतीच्या गोष्टीवर मत द्यायला लावताय. तेव्हा लोक हसले त्यांना. दोन वर्षांनी त्याच ३० जणांनी, विल्सन-ब्राउनसकट, एकमताने तो करार मोडला. म्हणजे म्हातारा बरोबर होता म्हणायचं.

त्यामुळे मतदानाचा आकडा आला की विरोधी मतं कुणाची ते बघा, तिथे पुढच्या भांडणाचं बी असतं. २०११ चा करार मालकांनी ३१-० ने मंजूर केला, एक मत नाही, ओकलंड रेडर्सने मतच दिलं नाही. त्यांचा मालक अल डेव्हिस, दुसरं काय.

अजून एक, कमिशनर पंच नसतो हो. त्याला मालक नेमतात, मालक पगार देतात. २०११ मध्ये रॉजर गुडेलने लॉकआउट संपेपर्यंत १ डॉलर पगार घेणार असं जाहीर केलं आणि त्याची केवढी बातमी झाली! ती बातमी वाचून 'वा' म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यापेक्षा मॅनेजमेंट काउन्सिलच्या एक्झिक्युटिव्ह कमिटीत कोणते मालक बसलेत ते शोधा, बोलणी तीच कमिटी चालवते. ज्या मालकाला नवीन स्टेडियमचं कर्ज फेडायचंय तो तिथे असेल तर त्याला मॅचेस बुडालेल्या परवडणार नाहीत, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो ताणून धरेल. साधं आहे.

पगाराचा चेक कधी येतो ते बघा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबवतो.

प्लेअरचा पगार वर्षाला ठरतो पण मिळतो तो सीझनमध्ये, मॅचच्या हिशोबाने. मॅच बुडाली की चेक बुडाला. मालकांना हे पक्कं माहीत असतं. १९८२ मध्ये प्लेअर्स संपावर गेले, २१ सप्टेंबरला, मागणी होती लीगच्या एकूण कमाईतला ५५ टक्के वाटा. ५७ दिवस संप चालला, १६ मॅचेसचा सीझन ९ वर आला. आपल्याकडे मुंबईत तेव्हा दत्ता सामंतांच्या गिरणी संपाला आठ महिने झाले होते, आणि दोन्हीकडे प्रश्न शेवटी हाच की घरात पगार न येता कोण किती थांबू शकतो. प्लेअर्सना ५५ टक्के मिळाले नाहीत. थोडी पगारवाढ, निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे, एवढ्यावर परत आले.

यातून धडा मालकांनी घेतला. १९८७ मध्ये परत संप झाला, मागणी होती फ्री एजन्सीची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर हव्या त्या टीमकडे जायची मोकळीक. या वेळी मालकांनी एक आठवडा मॅचेस रद्द केल्या आणि त्यानंतर बदली प्लेअर्स उतरवले. कॅम्पमधून काढून टाकलेले, कुठे बारमध्ये काम करणारे, शाळेत शिकवणारे, मिळेल त्याला जर्सी दिली. आणि खरी चलाखी पुढे आहे: या मॅचेस पॉइंट टेबलमध्ये धरल्या. फ्रेंडली नाही, ट्रायल नाही, खऱ्या मॅचेस. म्हणजे तुमची टीम बदलींच्या जोरावर हरली तर तुमचं प्लेऑफ गेलं. घरी बसलेल्या प्लेअरचा पगार तर जातोच, वर त्याचा सीझनही त्याच्याशिवाय चाललाय.

सगळीकडे हे सारखं चाललं नाही. फिलाडेल्फिया म्हणजे युनियनवाल्यांचं शहर, तिथे बदली ईगल्सच्या पहिल्या मॅचला ट्रकवाल्यांच्या युनियनने स्टेडियमबाहेर घेराव घातला आणि आत प्रेक्षक किती, तर ४,०७४. एवढ्या मोठ्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये चार हजार लोक, टीव्हीवर खुर्च्याच खुर्च्या. पण टीव्हीवर दिसत होतं ना, ते पुरेसं होतं. स्टेडियम रिकामं असलं तरी चॅनलची वेळ भरली जात होती, आणि मालकांचा मोठा पैसा तिकिटांतून नाही, चॅनलमधून येतो.

मग एकेक करून मोठी नावं संप मोडून आत गेली, जो मोंटाना, डॅलसचे टोनी डॉर्सेट आणि रँडी व्हाइट. डॅलसची गोष्ट नीट बघा. तिथे टीमचा कारभार मालकाच्या वतीने टेक्स श्रॅम बघायचा, तो मॅनेजमेंटच्या बाजूने बोलणीतही होता. त्याने जुन्या स्टार्सना त्यांच्या कॉन्ट्रॅक्टची आठवण करून दिली, त्यात भविष्यात मिळणाऱ्या ॲन्युइटी (पुढे वर्षानुवर्षं येणारे पैसे) होत्या, संपावर गेलात तर त्या धोक्यात. म्हणजे सगळ्यांना एकच धमकी नाही, ज्याचं जिथे दुखतं तिथे बोट. याच श्रॅमने युनियनचा प्रमुख जीन अपशॉ याला तुम्ही गुरं आणि आम्ही गुरांचे मालक, गुरं काय दुसरी मिळतात, अशा अर्थाचं ऐकवलं होतं असं सांगतात.

२४ दिवसांनी संप मोडला. प्लेअर्स परत आले तो दिवस गुरुवार, १५ ऑक्टोबर. मालकांनी सांगितलं, परत येण्याची मुदत बुधवारी दुपारी १ ला संपली, त्यामुळे या रविवारी बदलीच खेळतील आणि तुम्हाला या आठवड्याचे पैसे नाहीत. संप संपलेला, प्लेअर दारात उभा, आणि चेक नाही! त्या सोमवारी रात्री वॉशिंग्टनच्या बदली टीमने डॅलसला हरवलं, डॅलसच्या टीममध्ये संप मोडून आलेले स्टार्स असताना. वॉशिंग्टनच्या रेग्युलर प्लेअर्सपैकी एकानेही संप मोडला नव्हता, बदलींनी तिन्ही मॅचेस जिंकल्या, त्या सीझनला टीम सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल जिंकली आणि त्या बदलींना विजेत्यांच्या अंगठ्या मिळाल्या २०१८ मध्ये.

तर बघायचं काय: भांडण कुठल्या महिन्यात पेटतंय? मार्च ते जुलै असेल तर मालकांना फारसं नुकसान नाही आणि बहुतेक प्लेअर्सनाही अजून चेक चुकलेला नाही, त्यामुळे त्या काळातल्या 'बोलणी फिसकटली' वगैरे हेडलाइन्सना घाबरू नका. २०११ चा लॉकआउट चार महिन्यांवर चालला आणि बुडाली फक्त एक मॅच, ती पण हॉल ऑफ फेमची प्रीसीझन मॅच (सीझनआधीची सराव मॅच). ऑगस्ट उजाडला की दोघांच्या पोटात गोळा यायला लागतो. खरी बातमी तिथून.

रेफरींचं पण हेच. २०१२ मध्ये मालकांनी रेफरींना लॉकआउट केलं, मुख्य भांडण पेन्शनचं, आणि परत तोच बदलींचा फॉर्म्युला. तीन आठवडे रेटलं. मग २४ सप्टेंबरच्या सोमवारी रात्री सिॲटलमध्ये शेवटच्या पासवर एक रेफरी टचडाउन (आपल्या भाषेत गोल) दाखवतोय आणि शेजारचा दुसराच इशारा करतोय, हे सगळ्या देशाने लाइव्ह पाहिलं, ग्रीन बे हरली, आणि दोन दिवसांत करार झाला. फॉर्म्युला चालतो तोवर चालतो, पण प्राइम टाइममध्ये माल खराब दिसला की मालक ताबडतोब हलतात.

कोर्टाचं थोडक्यात

इथे लोक गोंधळतात म्हणून. युनियन जिवंत असेपर्यंत मालकांनी मिळून ठरवलेल्या गोष्टींना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून बरंच संरक्षण मिळतं, कारण कोर्ट म्हणतं तुमचं लेबरचं भांडण आहे, टेबलावर मिटवा. म्हणून युनियन काय करते, स्वतःलाच बरखास्त करते! मग प्लेअर्स वैयक्तिक केस टाकतात. १९८९ मध्ये हेच केलं, १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने प्लेअर्सच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९३ मध्ये फ्री एजन्सी आली. जी संपाने आली नव्हती. बदल्यात मालकांनी सॅलरी कॅप घेतली, १९९४ मध्ये पहिली, ३ कोटी ४६ लाख डॉलर प्रत्येक टीमला. २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख.

२०११ मध्ये परत तोच डाव, पण मालक या वेळी शिकून आले होते. एप्रिलमध्ये जज सुझन नेल्सन यांनी लॉकआउट उठवला, दुसऱ्या दिवशी प्लेअर्स टीमच्या ऑफिसात पोचले, त्यांना आत घेतलं पण बऱ्याच ठिकाणी जिम काही उघडून दिली नाही. मालक आठव्या सर्किटच्या अपील कोर्टात गेले, तीन-चार दिवसांत स्टे आला, लॉकआउट परत चालू. म्हणून खालच्या कोर्टाच्या निकालावर नाचू नका. अपील कुठल्या कोर्टात जातं आणि तिथे आधी काय निकाल लागलेत ते बघा.

टक्का ऐकला की विचारा, कशाचा?

२०११ च्या आधी प्लेअर्सना जवळपास ६० टक्के मिळतात असं मालक सांगायचे. पण आधी मालक वरचे १ अब्ज डॉलर खर्चापोटी बाजूला काढायचे, मग उरलेल्यावर टक्का. २०११ मध्ये त्यांना वरून अजून १ अब्ज काढायचे होते, लीगची कमाई तेव्हा ९ अब्जाच्या आसपास. युनियन म्हणाली ठीक आहे, खर्च वाढलाय म्हणता ना, दहा वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब दाखवा. नाही दाखवले. काही आकडे द्यायला तयार झाले, पूर्ण वह्या नाहीत.

बाहेरच्याला बघायला मिळते ती फक्त पॅकर्सची वही, शेअरहोल्डर्स असल्यामुळे त्यांना दरवर्षी आकडे जाहीर करावे लागतात. गंमत म्हणजे तेव्हा पॅकर्सचा ऑपरेटिंग नफा २ कोटींवरून ९८ लाखांवर आला होता आणि लीगने तोच दाखला सगळीकडे मिरवला, बघा बघा किती वाईट दिवस आलेत. एका टीमची वही खुली आणि ३१ बंद, आणि खुली वही तेवढी सोयीची! पण आपल्याला तीच बरी, दर जुलैमध्ये पॅकर्सचा रिपोर्ट येतो तेव्हा 'नॅशनल रेव्हेन्यू' एवढी एकच ओळ वाचा. २०२५ च्या रिपोर्टमध्ये ती ४३ कोटी २६ लाख डॉलर होती, आणि तेवढीच बाकीच्या ३१ जणांना मिळाली असं धरायला हरकत नाही. एकही तिकीट विकायच्या आधी. ही रक्कम त्याच वर्षीच्या सॅलरी कॅपशेजारी ठेवून बघा आणि मग ठरवा मालक किती गांजलेत.

२०११ च्या नव्या करारात भाग पाडले: टीव्हीच्या पैशातले ५५ टक्के, लीगच्या धंद्यातले ४५, लोकल कमाईतले ४०, सगळं मिळून ४७ च्या आसपास. लोकलचा टक्का सगळ्यात कमी, हे श्रीमंत मालकांचं काम.

आणि एक जागा कुणी बघत नाही. मालक नेहमी टेबलावर नसलेल्या माणसाच्या खिशातून पैसे मागतात, कारण तिथे विरोध कमी. २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजमधले प्लेअर्स निवडतात तो) पहिला आलेला सॅम ब्रॅडफोर्ड, त्याचं कॉन्ट्रॅक्ट सहा वर्षांचं, ७ कोटी ८० लाख डॉलरचं, त्यातले ५ कोटी गॅरंटीड, म्हणजे काढून टाकलं तरी मिळणारे. २०११ ला पहिला कॅम न्यूटन, चार वर्षं, २ कोटी २० लाख. मधे फक्त रूकींच्या (पहिल्या वर्षाच्या नवख्यांच्या) पगाराचा नवा तक्ता आला. न्यूटन तेव्हा कॉलेजातून नुकता निघालेला, युनियनमध्ये त्याचं मत कुठलं. जुन्या प्लेअर्सना सांगितलं गेलं की पोरांचे वाचलेले पैसे तुम्हाला मिळतील, ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात टीमना कळलं की पोरं स्वस्त आहेत, तर तिशीतल्या मधल्या फळीच्या प्लेअरला ठेवायचंच कशाला.

गोड मालक आणि कडू मालक

लॉकआउटमध्ये मालकांच्या बाजूने दोन आवाज येतात. कॅरोलायनाचे जेरी रिचर्डसन २०११ ला कडू बाजूला, स्वतः कधीकाळी खेळलेले, आणि तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे एका मीटिंगमध्ये त्यांनी स्टार प्लेअर पेटन मॅनिंगला असं काही सुनावलं की त्याला आकडे तरी वाचता येतात का. गोड बाजूला न्यू इंग्लंडचे रॉबर्ट क्राफ्ट, त्यांची बायको मायरा कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात असताना ते बोलण्यांना येत राहिले. २० जुलैला त्या गेल्या, २५ ला करार जाहीर झाला आणि कोल्ट्सचा प्लेअर जेफ सॅटर्डे याने सगळ्या कॅमेऱ्यांसमोर क्राफ्टना मिठी मारली, म्हणाला यांच्याशिवाय हा करार झालाच नसता. मी ते खरंच मानतो, मिठी खोटी नव्हती. पण तुम्ही बातमी वाचताना हेही बघा की गोड मालक आणि कडू मालक दोघांनी शेवटी एकाच कागदावर मत दिलं, आणि कडूवाले आधी एवढं ओरडले नसते तर गोडवाल्याची ऑफर एवढी गोड लागली नसती.

शांततेच्या काळात पण नजर ठेवा

करार चालू असताना मालकांना आपसात ठरवून प्लेअर्सचे भाव पाडायला बंदी आहे, याला कोल्युजन म्हणतात. २०१० ला कॅप नव्हती, नियमाप्रमाणे कितीही खर्च करायला मोकळीक होती, वॉशिंग्टन आणि डॅलसने ती वापरली, आणि २०१२ मध्ये लीगने त्यांची कॅप कापली, वॉशिंग्टनची ३ कोटी ६० लाख, डॅलसची १ कोटी. कॅप नसलेल्या वर्षात जास्त खर्च केला म्हणून दंड! न लिहिलेला नियम होता हे याहून स्पष्ट कसं सांगणार.

मग २०२२ ला क्लीव्हलंडने डीशॉन वॉटसन या प्लेअरला २३ कोटी डॉलर दिले, सगळे गॅरंटीड, आणि बाकीचे मालक हादरले. युनियनने तक्रार केली की यानंतर मालकांनी मिळून गॅरंटी द्यायची नाही असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये लवादाचा निकाल आला: मालकांनी तसं केल्याचा पुरेसा पुरावा नाही, पण मार्च २०२२ च्या मालकांच्या मीटिंगमध्ये लीगच्या मॅनेजमेंट काउन्सिलने गॅरंटी कमी करायला टीमना उत्तेजन दिलं होतं, हे मात्र नोंदवलं. हा निकाल कित्येक महिने बाहेरच आला नाही, जूनमध्ये पत्रकारांनी काढला, आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की तो दाबून ठेवण्यात युनियनचे लोक पण सामील होते. जुलैमध्ये युनियनचे प्रमुख लॉइड हॉवेल यांना जावं लागलं, त्यामागे इतर भानगडी पण होत्या. मालकांचा प्रभाव बघताना समोरच्या बाजूला कोण बसलंय हे पण बघायचं ते यासाठी.

आता १८ मॅचेसचं काय

मालकांना आता सीझनमध्ये १८ वी मॅच हवी आहे. २०२० च्या करारात १७ वी मॅच कशी आली ते बघितलंत तर पुढचं कळेल. ॲरन रॉजर्स, जे जे वॉट, रिचर्ड शर्मन, सगळी मोठी नावं विरोधात. तरी करार पास झाला, १,०१९ विरुद्ध ९५९, म्हणजे साठच मतांचा फरक. कारण युनियनमध्ये रॉजर्सचं पण एकच मत आणि बेंचवरच्या पोराचं पण एकच, आणि मालकांनी बेंचवरच्यांसाठी किमान पगार लगेच वाढवला, रूकीचा ४ लाख ९५ हजारांवरून ६ लाख १० हजार. ज्याचं करिअर दोन वर्षांत संपणारे तो १७ व्या मॅचवर तात्त्विक चर्चा करेल की लाखभर डॉलर घेईल? मी पण घेतले असते.

त्यामुळे १८ व्या मॅचची ऑफर बाहेर आली की कमाईचा टक्का किती वाढवला हे सगळे चॅनल सांगतील, ते ऐका, पण आधी तीन गोष्टी शोधा: किमान पगार किती वाढवलाय, प्रॅक्टिस स्क्वॉडची (फक्त सरावाला ठेवलेली) माणसं किती वाढवली, आणि ही वाढ सही केल्याकेल्या मिळणार की दोन-तीन वर्षांनी. लगेच मिळणार असेल तर स्टार्सनी कितीही ट्वीट केले तरी मतदानाचा अंदाज तुम्हाला आला असं समजा. आणि एखादी प्रीसीझन मॅच कमी केली, अजून एक बाय वीक (टीमला सुट्टीचा आठवडा) दिला, अशी 'सवलत' दिसली तर हसा, कारण प्रीसीझनच्या मॅचेस टीव्हीवाल्यांना तशाही नकोच असतात, आणि जास्तीचा बाय वीक म्हणजे टीव्हीला विकायला अजून एक रविवार.